तिसऱ्या गिअरचा हिशेब

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा

भाचा मॅटाडोर घेऊन आला. शीव किल्ल्याच्या पायथ्याच्या आमच्या गल्लीत आज प्रत्येक बोनेटवर झेंडू होता, त्यात या गाडीला बोनेटच नाही म्हणून वॉचमनने माळ वायपरला अडकवली. सेक्रेटरींनी खाली येऊन विचारलं, "बाई, ही किती दिवस?" मी म्हटलं, रंग लागेपर्यंत. कोणता रंग, ते विचारायचं त्यांना सुचलं नाही.

गाडी एके काळी शाळेची होती. भाच्याला तिचं फिरतं घर करायचंय: दोन बाकं, त्यांचाच पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. मी आधी आत नाही, खाली पाहिलं. तंत्रनिकेतनात आयुष्यभर मशीन ड्रॉइंग शिकवल्यावर माणूस गाडीखाली वाकूनच पाहतो. पुढची चाकं ओढतात, मागचा धुरा नुसता वाहतो. मधून सरदांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, जात नाही, म्हणून फरशी इतकी खाली. रुग्णवाहिका, शाळा, लग्नाचं वऱ्हाड, नाटकाचं सामान यांना ही गाडी आवडली ती या खालच्या फरशीमुळे. चढताना पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागत नाही.

मूळ जात जर्मन. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात टेंपो नावाने गाड्या बनत, त्या घराण्यातली ही. आपल्याकडे नवलमल फिरोदियांच्या बजाज टेंपोने ती आकुर्डीत बनवली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स. पुढे तिच्यात मर्सिडीझचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन आलं: चार सिलिंडर, २.४ लिटर. हेच इंजिन १९७३ मध्ये मर्सिडीझच्या २४० डी मोटारीत बसलं होतं. जर्मन टॅक्सीवाल्यांचं आणि आपल्या वऱ्हाडाचं इंजिन एकच होतं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

जेवताना भाच्याने मनातलं सांगितलं. "आत्या, हे इंजिन काढू. स्कॉर्पिओचं एमहॉक टाकू. एकशेवीस घोडे!"

मी श्रीखंड वाढलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

काल मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद. भाच्याचा सकाळीच फोन: बघ, सरकारसुद्धा आपल्या बाजूने आहे. सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरणही आणलं होतं, हे त्याला पाठ आहे. त्या धोरणात गिअरबॉक्सवर एक ओळही नाही, हे मी सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज वही काढली. घोड्यांची भाषा बाजूला ठेवली, कारण अश्वशक्तीने काही तुटत नाही. तुटतं ते पिळाने, म्हणजे टॉर्कने. शाफ्टला पीळ कळतो, घोडे कळत नाहीत.

ओएम ६१६ चा पीळ मर्सिडीझच्या मोटारीत १३७ न्यूटन-मीटर होता. एमहॉकचा २९० च्या आसपास. म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. आता पहिला गिअर चारास एक धरला आणि डिफरन्शियल पाचास एक. खरे आकडे गिअरबॉक्स उघडल्यावर मिळतील, पण विचार करायला एवढे पुरतात. जुन्या इंजिनाचा पीळ चाकांशी पोचतो तो १३७ गुणिले २०, म्हणजे २७४०. नव्याचा ५८००.

पण ५८०० चाकांशी पोचणारच नाहीत. पुढच्या धुऱ्यावर बाराशे किलो धरले, कोरड्या डांबराची पकड ०.८ आणि चाकाची त्रिज्या एक फुटाच्या जरा वर, तर टायर साधारण ३१०० ला घसरतो. त्यापुढे कितीही जोर लावा, रबर जळेल, शाफ्टला तेवढाच पीळ बसेल. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये टायर हाच फ्यूज आहे. जुन्या इंजिनाचे २७४० बरोबर या फ्यूजच्या आत बसतात, हे पाहून मला त्या जर्मन ड्राफ्ट्समनबद्दल आदर वाटला.

भाचा खूश. "म्हणजे काही तुटणार नाही!"

थांब म्हटलं. तिसरा गिअर लाव. गुणोत्तर १.४ धर. २९० गुणिले १.४ गुणिले ५, म्हणजे २०३०. हे ३१०० च्या खूप खाली. टायर घसरणार नाही, फ्यूज उडणार नाही. घाटात भरलेली गाडी तिसऱ्यात चढताना गिअरबॉक्सला पूर्ण २९० मिळतील, एक-दोन सेकंद नव्हे, वीस-वीस मिनिटं. दात, बेअरिंग, तेल, सगळ्यांना. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाने घटतं. भार २.१ पट, तर आयुष्य नवव्या हिश्शाच्याही खाली. लोक पहिल्या गिअरला घाबरतात, कारण आवाज तिथे होतो. झीज तिसऱ्यात होते आणि तिला आवाज नसतो.

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू दात मोजतेस, मी गाडी चालवतो." हे त्याच्या बापाचं वाक्य आहे, माझ्या भावाचं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बहिणीच्या मुलाचा पोर्टलंडहून फोन. त्याच्याकडे फोक्सवॅगनची १९८७ ची कॅम्पर आहे, तिकडे तिला व्हॅनॅगन म्हणतात. मूळ इंजिन २.१ लिटरचं, ९५ घोड्यांचं. आधीच्या मालकाने त्या जागी सुबारूचं २.२ लिटरचं बसवलेलं, १३० घोड्यांचं. तिकडे हा नेहमीचाच बदल: दोन्ही इंजिनं आडव्या सिलिंडरांची, दोन्ही मागे नीट बसतात.

मी विचारलं, "गिअरबॉक्स?"

"मावशी, तोच मूळचा. तिसरा-चौथा गेला, उघडून पुन्हा बांधला."

गिअरबॉक्स गेला तो रॉकी पर्वतांत नव्हे, सपाट हमरस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, ताशी ११० ने. जुनं इंजिन एवढा जोर लावत नव्हतं म्हणून गिअरबॉक्स इतकी वर्षं वाचला होता. दुर्बळ इंजिन हे गिअरबॉक्सचं विमाकवच असतं.

त्यानेच एक जुनी गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते. शेवर्लेच्या कॉर्वेअर मोटारीचं हवेने गार होणारं सहा सिलिंडरांचं इंजिन फोक्सवॅगनच्या बसमध्ये घालायची एके काळी अमेरिकेत टूम होती. पण कॉर्वेअरचं इंजिन उलट दिशेने फिरतं. तसंच जोडलं तर गाडीला मागे जायचे चार गिअर आणि पुढे जायचा एक. मग डिफरन्शियल उघडून क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला फिरवून बसवायचं. मी हसत होते, पण परीक्षेत हा प्रश्न का घातला नाही याची हळहळ वाटली.

३० ऑक्टोबर, बुधवार

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली त्याला आज वर्ष झालं. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपली. पद्मिनी आमच्या शेजारची, कुर्ल्याची. लालबहादूर शास्त्री मार्गावर ती बनवणाऱ्या प्रीमियरच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी आहे.

दुपारी भाच्याशी इंजिनबदलावरून वाजलं. तो म्हणतो, इंजिन बदलणं म्हणजे परदेशी फॅड, इथे कोणी करत नाही, आपण करून दाखवू. अरे बाबा, आपल्याकडचा सगळा मोटारधंदा म्हणजे इंजिनबदल होता! परवान्याच्या काळात नवी गाडी आखणं परवडत नव्हतं, म्हणून एकाचं धड घ्यायचं आणि दुसऱ्याचं काळीज. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचं ए-१२ इंजिन घातलं आणि ११८ एनई विकली. माझगावला जीप जोडणाऱ्या महिंद्रने पेट्रोलचं हरिकेन काढून इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल घातलं, पुढे प्यूजोचं. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाला व्हॉक्सहॉलचं अंग आणि अँबॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन, मग उशिरा इसुझूचं. आणि सर्वांत केविलवाणी स्टँडर्ड २०००: रोव्हरचा देखणा एसडी-१ सांगाडा आणि आत जुनाट व्हॅनगार्डचं इंजिन. अमेरिकेत लोक जास्त जोरासाठी इंजिन बदलतात. आपल्या कंपन्यांनी हाती असलेलं घातलं.

गॅरेजवाल्यांनी मात्र बदललं ते डिझेलच्या भावासाठी. पेट्रोल आणि डिझेलमधली तफावत मोठी होती तेव्हा कितीतरी अँबॅसिडरांत मॅटाडोरचं इंजिन गेलं. हो, हेच, आपल्या दारात उभं असलेलं. चालवणारे भाड्याचे ड्रायव्हर, एका थेंबाचा हिशेब ठेवणारे, चाळीस-पन्नासच्या वर जायचेच नाहीत. म्हणून त्या मागच्या धुऱ्यांनी निभावून नेलं. ज्याला जोर हवा म्हणून इंजिन बदलायचंय, त्याने त्या गाड्यांचा दाखला देऊ नये. आणि टॅक्सी शेवटी कोर्टाच्या आदेशांनी सीएनजीवर गेल्या. तिथे गिअरबॉक्सचा प्रश्नच उरला नाही, जोर थोडा कमीच झाला.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी संपली, धारावीत लेथवाल्याकडे गेलो. शीव स्टेशनचा १९१२ चा पूल ऑगस्टपासून पाडकामासाठी बंद, त्यामुळे समोर दिसणाऱ्या धारावीला वळसा घालून जावं लागतं.

भाच्याला अ‍ॅडॉप्टर प्लेटचा भाव हवा होता, म्हणजे एका कंपनीचं इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचं बेल हाउसिंग जोडणारी जाड चकती. लेथवाला म्हणाला, होईल. वीस मिलिमीटरची प्लेट, भोकं पाडून देतो. मी विचारलं, मध्य कसा धरणार? क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवेत. एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे गेलं की दर फेरीला शाफ्ट वाकतो. पायलट बेअरिंग जातं, मग पुढचं बेअरिंग, आणि दोष गिअरबॉक्सला लागतो. बोल्टांवर मध्य धरता येत नाही, बोल्टाच्या भोकात मोकळीक असते. त्याला डॉवेल पिना लागतात, आणि डायल गेज फ्लायव्हीलला लावून बेल हाउसिंगभोवती एक फेरी फिरवून बघावं लागतं.

लेथवाल्याने भाव दीडपट केला आणि चहा मागवला. चांगला कारागीर ओळखायची ही एक रीत आहे. न ऐकता हो म्हणणारा स्वस्त पडत नाही.

परत येताना भाच्याने दुसरी युक्ती काढली: स्कॉर्पिओचा गिअरबॉक्स, सरदांडा आणि मागचा धुरा, सगळंच घालू. म्हणजे मागची चाकं ओढतील. तांत्रिकदृष्ट्या हा जास्त प्रामाणिक उपाय आहे, पीळ झेलायला जे बनलंय तेच त्या इंजिनामागे येतं. पण मग सरदांड्याला जागा हवी आणि फरशी वर जाईल. ज्या फरशीसाठी ही गाडी घेतली तीच द्यायची? तेवढ्या खर्चात नवी ट्रॅव्हलर येईल. तिचं घराणंही मर्सिडीझचं, टी-१ व्हॅनचं, आणि ती मुळातच मागच्या चाकांवर चालते.

११ नोव्हेंबर, सोमवार

वडाळ्याचं आरटीओ. एमएच ०३.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातली नोंद जुळेनाशी होईल असा बदल करायचा नाही. केरळमधून आलेल्या खटल्यात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. इंधन बदलायची वाट कायद्यात आहे: सीएनजी, एलपीजी, बॅटरी, मान्यताप्राप्त किटने. दुसऱ्या कंपनीचं दुप्पट पिळाचं इंजिन घालायची वाट नाही. त्याच जातीचं इंजिन बदलता येतं, आधी परवानगी, मग पाना, मग नव्या इंजिनाचा नंबर पुस्तकात.

खिडकीवरच्या साहेबांनी भाच्याला विचारलं, "एमहॉक कशाला?" तो म्हणाला, "घाटासाठी." ते म्हणाले, "घाटात सगळेच हळू जातात." रांगेतले दोघे-तिघे हसले. अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिनाचा नंबर ताडून पाहिला तर काय, हे मी बसस्टॉपवर समजावलं. तिथे तो खरा गप्प झाला. आकड्यांनी नाही झाला, विम्याने झाला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुनानक जयंती, त्यामुळे गुरू तेग बहादूर नगरातलं गॅरेज बंद. तरी गॅरेजवाल्या सरदारजींनी बोलावलं, लंगरात जेवलो. त्यांची हयात ट्रकच्या गिअरबॉक्सांत गेली. एमहॉकचा सगळा बेत ऐकून एवढंच म्हणाले, "मॅडम, घोडे जितने मर्जी जोतो, टांगा तो वही है ना." माझ्या चार पानांच्या हिशेबाचं हे एका ओळीतलं उत्तर.

त्यांनी एक गोष्ट सांगितली जी माझ्या वहीत नव्हती. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे जॉइंट सरळ रस्त्यावर तुटत नाहीत. घाटातल्या वळणावर, स्टीअरिंग पूर्ण वळलेलं, चाक खडीवर क्षणभर मोकळं फिरतं आणि पुन्हा डांबर पकडतं, त्या झटक्याला तुटतात. टायरचा फ्यूज स्थिर पिळाला राखतो, झटक्याला नाही. फिरत्या फ्लायव्हीलची सगळी साठवण एकदम त्या वाकड्या कोनातल्या जॉइंटवर येते. इंजिन जितकं जोरकस, तितकं चाक मोकळं असताना जास्त वेग घेणार, तितका झटका मोठा. संध्याकाळी हे वहीत घातलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मतदान झालं, निकाल लागला, सोसायटीत सगळे त्यावरच बोलतात. आम्ही कुर्ल्याच्या भंगारात.

ठरलं ते असं: ओएम ६१६ च, दुसरं, चांगलं. ते फोर्सच्या ट्रॅक्स गाड्यांतही होतं, म्हणून अजून मिळतं. दारातलं इंजिन तेल खातं आणि थंडीत निळा धूर सोडतं. त्याला बोअर करण्यापेक्षा हे बरं. पहिलं दाखवलं त्याचा नंबर ग्राइंडरने घासलेला, तिथून लगेच निघालो. दुसऱ्याचे कागद होते. सरदारजींनी चारही सिलिंडरांत गेज लावला, सगळे वीस बारच्या वर आणि एकमेकांच्या जवळ. आकडा कमी असला तरी चालतो, चारांत तफावत चालत नाही. कॅमशाफ्टची साखळी किती ताणली आहे तेही खुणा जुळवून पाहिलं. या इंजिनात पट्टा नाही, साखळी आहे. ती सहसा तुटत नाही, हळूहळू लांबते आणि टायमिंग मागे पडतं. मग लोक पंपाला दोष देतात.

१ डिसेंबर, रविवार

वाचलेला पैसा कुठे गेला ते लिहून ठेवते, भाचा नंतर विचारेल. रेडिएटरची जाळी नवी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट. इंजिनची चारही फाउंडेशनं, कारण रबर मेलं की इंजिन हलतं आणि तो हलणारा पीळ जॉइंटवर जातो. पुढचे जॉइंट दोन्ही बाजूंचे, बूट नवे. बूट फाटला की ग्रीस जातं आणि धूळ येते. जॉइंटचे बहुतेक मृत्यू पिळाने नव्हे, फाटक्या बुटाने होतात. गिअरबॉक्स फक्त उघडून पाहिला: दात स्वच्छ, दुसऱ्याचा सिंक्रो घासलेला. आणि ब्रेक. ब्रेकचा विषय भाच्याने एकदाही काढला नव्हता. ताशी चाळीसऐवजी साठने उतरणारी गाडी थांबवायला सव्वादोन पट उष्णता झेलावी लागते, वेगाचा वर्ग. मोठं इंजिन चढताना वेळ वाचवतं, उतरताना तेच जुने ड्रम.

८ डिसेंबर, रविवार

पहाटे शीव-पनवेल महामार्ग, खोपोली, बोरघाट. बाकं आणि वाळूच्या गोण्या घालून, सामानाचं वजन धरून. घाटात दुसरा गिअर, ताशी पंचवीस-तीस. ट्रकवाले आमच्याबरोबरीने. तापमानाची सुई नव्वदच्या आसपास टेकून राहिली. तिसरा लावून पाहिला, इंजिन गुदमरायला लागलं, परत दुसरा. भाचा पहिल्या दोन वळणांवर कुरकुरला, मग त्याने खिडकी खाली केली आणि गप्पा मारायला लागला. एका तीव्र वळणावर ओल्या खडीवर आतलं चाक किंचित घसरलं. आवाज आला नाही, पण स्टीअरिंगमध्ये जाणवलं.

१५ डिसेंबर, रविवार

त्या घसरलेल्या चाकासाठी वडाळा ट्रक टर्मिनलजवळच्या वजनकाट्यावर गेलो. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. काटेवाल्याला वाटलं आम्ही पावती चुकवतोय. पुढे सव्वा टनाला थोडं कमी, मागे त्याहून जास्त. भाच्याने पाण्याची टाकी, गॅस आणि बॅटरी सगळं शेपटीकडे आखलंय, दार उघडलं की स्वयंपाकघर. चित्रात छान दिसतं. पण ओढतात पुढची चाकं, आणि घाटात उभ्या चढावर त्यांच्यावरचे साठ-ऐंशी किलो तसेही मागे सरकतात. जी चाकं ओढतात त्यांच्यावर वजन हवं.

शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती ड्रायव्हरच्या सीटमागे, फरशीलगत. बॅटरी डाव्या सीटखाली. स्वयंपाकघर मागे राहील, नळ लांबवावा लागेल, ते माझ्या पुतणीला जमतं, ती प्लंबिंगचीच कामं घेते. इंजिनाच्या नव्या नंबरची परवानगी आली आहे, पुस्तकात नोंद व्हायची आहे. छोट्या फ्रिजविषयी भाचा अजून काही बोललेला नाही. त्याचं वजन मी बघून ठेवलंय.